बंद दाराच्या बाजूने

अर्जदार: मनोहर धोंडू परुळेकर, वय पन्नाशीपार, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जलेखन, बैठक मालवणात कचेरीच्या फाटकाबाहेर भेंडीच्या डेरेदार झाडाखाली.

जिच्यासाठी अर्ज: श्रीमती मृणाल नेवगी, राहणार सावंतवाडी, मुलांच्या मनातील भय आणि वर्तनातील अडसर दूर करणाऱ्या समुपदेशक.

जिच्यामुळे अर्ज: कुमारी तन्वी, वय पंधरा, माझ्या धाकट्या भावाची थोरली मुलगी, राहणार तारकर्ली.

ज्यांच्याविरुद्ध अर्ज: एक, वरिष्ठ कार्यालय, ज्याचे नाव मी सभ्यपणाने गाळतो. दोन, माझा हाच सख्खा भाऊ प्रकाश, ज्याचे नाव गाळता येत नाही, कारण तो माझ्याच पंक्तीला जेवतो.

घटनेचा काळ: आढीतील शेवटचा हापूस संपला त्या दिवसांपासून काजूला मोहोर येईपर्यंत.

साक्षीदार: एक लाकडी पाट, एक बुटके बाक आणि खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या दोन वेताच्या खुर्च्या. माणसे साक्ष फिरवतात, म्हणून मी माणसांची नावे दिलेली नाहीत.

कचेरीतल्या अर्जात माणसाचे वर्णन मावत नाही. तिथे नाव, गाव, विषय आणि सही एवढीच जागा असते. या तालुक्यातील ओढ्यांवरचे कित्येक साकव, कित्येक विजेचे खांब आणि एक संपूर्ण पाणीपुरवठा योजना माझ्या लेखणीच्या टोकातून उतरलेली आहे, हे जाणकार जाणतात. परंतु एखाद्या बाईच्या आवाजातील मार्दव किंवा तिच्या बसण्यातील शहाणपण नोंदवायला शासनाने रकाना ठेवलेला नाही. म्हणून हे निवेदन मी आपणा वाचकांच्या दरबारी ठेवत आहे.

मृणालबाईंची ओळख मला प्रथम डोळ्यांनी नव्हे, कानांनी झाली. मालवणच्या सरकारी दवाखान्यातील मागच्या खोलीबाहेरच्या अरुंद व्हरांड्यात मी पावसाळ्यापासून भावाच्या तीन मुलांना आळीपाळीने घेऊन बसत असे. कारण धाकट्याच्या बैठका सोडल्या, तर भावाला घरी उतरणाऱ्या पर्यटक पाहुण्यांच्या खोल्या सोडवत नव्हत्या आणि वहिनीला चूल. दार उघडायच्या आधी आतून एक ध्वनी येई. कधी पाट फरशीवर टेकल्याचा बोथट, घरगुती आवाज; कधी बाक ओढल्याचा लांबट आवाज, जसा किनाऱ्यावर होडी चढवताना तळाशी वाळू कुरकुरते; आणि कधी वेताची खुर्ची अगदी हलकेच फिरवल्याचा आवाज, ज्याला आवाज म्हणण्यापेक्षा संकोच म्हणावे. पुढे माझ्या ध्यानात आले की आत कोणत्या वयाचे मूल जाणार आहे, हे त्या ध्वनीवरूनच सांगता येते. ही बाई प्रत्येक वयासाठी स्वतःची उंची बदलत असे.

सकाळच्या एसटीने ती सावंतवाडीहून येई. पावसाने ओली झालेली छत्री ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभी करी, ओल्या वहाणा दाराबाहेर काढी आणि आत शिरण्यापूर्वी दोन्ही तळहात क्षणभर एकमेकांवर घाशी, जणू वाटेवरचे सारे बोलणे हातांवरून झटकून टाकत आहे. वर्ण सावळा, केस कानांपाशी पिकलेले, साडी कडक इस्त्रीची, परंतु पदर नेहमी कमरेला खोचलेला. कारण जमिनीवर बसण्याची वेळ केव्हा येईल, याचा नेम नसे. तिच्या हसण्यात श्रावणातील उन्हाचा स्वभाव होता. ते पडले की उजेड होई, आणि कुणाला भाजत नसे.

आता घटना सांगतो, कारण घटनेवाचून अर्ज लंगडा राहतो. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या घरी उतरलेला एक तरुण पाहुणा दुपारच्या वेळी दर्यात गेला आणि जिवंत परत आला नाही. आदल्या दिवशी त्याने भावाच्या धाकट्या चिनूबरोबर वाळूचा किल्ला बांधला होता, मधल्या सोहमकडून खेकड्याची बिळे ओळखायला शिकला होता आणि तन्वीच्या इंग्रजीचे कौतुक केले होते. त्याला सुरूच्या सावलीत आणून ठेवले, तेव्हा आमची तिन्ही मुले तिथे उभी होती. कुणी त्यांना घरी नेईपर्यंत जे पाहायचे ते पाहून झाले होते.

दृश्य एकच होते. परंतु चार वर्षांच्या चिनूच्या अंगात ते पाणी होऊन शिरले: डोक्यावर तांब्या उचलला की तो असा किंकाळे की शेजारची माणसे कुंपणाच्या गडग्यापाशी येत. नऊ वर्षांच्या सोहमच्या अंगात ते पहारा होऊन शिरले: घरातला प्रत्येक पाहुणा समुद्रावरून परत आल्याशिवाय तो घास उचलत नसे, फाटकाशी उभा राहून माणसे मोजत असे. आणि पंधरा वर्षांच्या तन्वीच्या अंगात ते मौन होऊन शिरले. ती जेवे, झोपे, हसेसुद्धा. पण शाळेची वेळ झाली की पोटात दुखू लागे, आणि पाहुण्यांशी घडाघडा बोलणारी ती पोर मागच्या पडवीत सुपाऱ्यांच्या ढिगापाशी तासन्‌तास बसून राही.

चिनूसाठी मृणालबाईंनी पाट मांडला आणि दुसरा पाट माझ्या भावाला दिला. बापाला बाहेर ठेवून एवढ्या लहान मुलाला काही शिकवता येत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. मध्ये घमेल्यात चार बोटे पाणी आणि सावंतवाडीची एक रंगीत लाकडी बाहुली. आधी बाहुलीचे पाय भिजले, मग गुडघे. मग चिनूचा अंगठा भिजला, आणि भिजल्याक्षणी, त्याच श्वासात, बापाने शाबासकी द्यायची असा तिचा दंडक. प्रकाश एकदा म्हणाला, रात्री घरी गेल्यावर गोड काहीतरी देतो. तेव्हा ती हसून मालवणीत म्हणाली: "रात्रीपर्यंत तो कित्याक गोड गावला ताच इसारतलो. तुमच्या चिनूची रात्र म्हणजे पुढचो जल्म. आत्ता सांगा, आत्ता!" शेवटी एके दिवशी चिनूने स्वतः तांब्या उचलून बापाच्या डोक्यावर ओतला आणि माझा सहा फुटी भाऊ सरकारी फरशीवर निथळत बसला. त्या दिवशी त्या मागच्या खोलीत जेवढा हशा पिकला, तेवढा कोणत्याही सरकारी इमारतीत पिकलेला मी ऐकलेला नाही.

सोहमसाठी बाक आले. त्याच्या खांद्याला खांदा लावून ती बसे, समोर नव्हे, शेजारी. जशी दोन माणसे एका होडीच्या फळीवर बसतात. त्याच्याकडूनच तिने भयाच्या पायऱ्या पाडून घेतल्या. सुरूपर्यंत जाणे ही सोपी पायरी, कोरडी वाळू त्याहून अवघड, ओली वाळू आणखी अवघड, आणि घोट्याला लागणारा फेस सगळ्यांत शेवटी. पाहुण्यांचेही तसेच. आधी एक पाहुणा बाहेर असताना एक घास, मग अख्खी भाकरी. सोहमला शाबासकी नको होती. त्याला शेजाऱ्यांच्या होडीचे सुकाणू शनिवारी खाडीत धरायचे होते, आणि शनिवारपर्यंत थांबायची ताकद त्याच्या वयात आलेली होती. तो अटी घालत असे, ती त्या मान्य करी, नंतर स्वतःच्या दोन अटी घाली. व्हरांड्यात बसून मी तो व्यवहार ऐकत असे आणि मनाशी म्हणत असे, या बाईने वकिली केली असती तर माझी बैठक बंद पडली असती.

नारळी पौर्णिमा उलटून दर्या निवळला, तसा सोहम फेसात उभा राहिला. चिनू आंघोळीला आपण होऊन घमेले मागू लागला. आणि इथेच माझ्या भावाकडून ती चूक झाली, जी आमच्या भागातला प्रेमळ बापच करू शकतो.

त्याने दोन मुलांचे उपाय डोळ्यांनी पाहिले होते. मोठ्याने बोलायचे, सगळ्यांसमोर बोलायचे, लगेच बोलायचे, एवढे त्याने उचलले आणि तेच तिसरीला लावले. गावच्या जत्रेत देवासमोर गाऱ्हाणे घालतात. मानकरी उभा राहून गावाची दुःखे एकेक करून देवाच्या कानी घालतो आणि जमलेला गाव एका स्वरात होकार देतो. प्रकाशने त्या वृद्ध मानकऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. तन्वीला हाताला धरून त्याने पुढे उभे केले. मानकऱ्याचा आवाज घुमला: "बा देवा म्हाराजा, ह्या प्रकाश परुळेकाराच्या थोरल्या चेडवाच्या मनात जा काय भिया बसला आसा, बुडालेल्या त्या पावण्याची जी काय सावली तिच्यार पडली आसा, ती दूर कर, आणि तिका पुन्हा शाळेक धाड रे म्हाराजा!" आणि सगळा गाव गरजला: "व्हय म्हाराजा!"

तिच्या जागी चिनू असता तर टाळ्या पिटत नाचला असता. सोहम असता तर त्याला आपल्यामागे सैन्य उभे राहिल्यासारखे वाटले असते. तन्वीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. तिच्या वर्गातल्या मुली नारळाच्या दुकानापाशी उभ्या होत्या. तिने बापाच्या मुठीतून हात काढून घेतला; हिसडा दिला नाही, सैल दोरीतून गाठ सुटावी तसा तो सुटला; आणि त्यानंतर तिच्या मौनाला कडी लागली.

प्रकाश अपराधी चेहऱ्याने मृणालबाईंसमोर बसला, तेव्हा ती त्याच्यावर रागावली नाही. म्हणाली, "तुम्ही वायट काय एक करूक नाय. बारक्याचा औषध थोरलेक दिलात, एवढाच." मग तिने पाट भिंतीला टेकवला, बाक दूर सारले आणि दोन खुर्च्या खिडकीकडे वळवल्या. समोरासमोर नव्हे, दोघींनी एकाच दिशेला पाहावे, बाहेरच्या शेवग्याकडे, कौलांकडे, कुणाच्यातरी दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांकडे. पंधरा वर्षांच्या मुलीला डोळ्यांत पाहून प्रश्न विचारला की तो प्रश्न राहत नाही, तपासणी होते. हे त्या दोन खुर्च्यांना कळले होते, माझ्या भावाला कळले नाही. नंतर तिने दार लावले आणि लावण्यापूर्वी आम्हा दोघांच्या देखत तन्वीला शब्द दिला: "तू बोलशील ते या खोलीत राहील. तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच मी घरच्यांशी बोलेन, आणि तेही आधी तुला सांगून."

मी व्हरांड्यात बसलो. मला काहीही ऐकू आले नाही, हे मी प्रतिज्ञेवर सांगतो. पहिल्या खेपांना आत बोलणेच नव्हते; फक्त वेत करकरे. परंतु मौनाचेही प्रकार असतात. आमच्या घरातले तन्वीचे मौन दगडासारखे होते. त्या दाराआडचे मौन ओल्या मातीसारखे झाले. हळूहळू ती बाहेर येताना चप्पल नीट पायात सरकवू लागली, मग केस नीट बांधून येऊ लागली, आणि एकदा एसटीत माझ्याशेजारी बसून माझा ताजा अर्ज वाचत म्हणाली, "काकानू, 'सविनय' किती वेळा लिवतास ओ? तो सायेब लाजान मरात." मी पेन काढून त्यातले दोन 'सविनय' तिथेच खोडले. शाळेत कधी आणि किती जायचे हे तिने स्वतः ठरवले: आधी फक्त विज्ञानाच्या प्रयोगाचा तास, मग दुपारपर्यंत. तिला कुणी बक्षीस कबूल केलेले नव्हते. तिच्या वयाला बक्षीस नको असते. कारण हवे असते, आणि ते कारण स्वतःचे असावे लागते.

मग माझ्या भावाला झोप येईनाशी झाली. तो पाहुणा दर्यावर गेला तेव्हा त्याला कुणी अडवले, कुणी नाही, कुणी काय सांगितले, या प्रश्नांनी त्याचे मन पोखरले होते. बंद दाराआड आपली मुलगी त्या दुपारविषयी, आपल्याविषयी बोलत असेल, या शंकेने तो झुरू लागला. त्याने आत बसायला मागितले. मृणालबाईंनी नम्रपणे नकार दिला. तेव्हा तो माझ्याकडे आला.

"दादा, माका एक अर्ज होयो. ती बाय भेदभाव करता. धाकट्याच्या वेळेक माका आत बसवल्यान, थोरलेच्या वेळेक दार लावता."

"भेदभाव न्हय तो. वय बगून वागता ती."

"चेडू माझा आसा! ता काय बोलता, ता माका कळूक नको?"

"नको."

"गावभर लोकांचे अर्ज लिवतस, भावाचो एक लिवूक हात मोडलो काय तुझो?"

"हात धड आसा," मी म्हणालो. "म्हणानच लिवचंय नाय."

अर्ज लिहिण्यास नकार देण्याचा हा माझ्या आयुष्यातील एकमेव प्रसंग. प्रकाशने तो दुसऱ्याकडून लिहवून घेतला. भाषा सुमार होती, पण कचेरीला भाषा लागत नाही, तक्रार लागते. वरिष्ठ कार्यालयाचा आदेश आला: सर्व वयोगटांतील बालकांसाठी एकसमान कार्यपद्धती अवलंबावी; प्रत्येक बैठकीस पालक उपस्थित असावा. मृणालबाईंनी दोन ओळींत कळवले की या अटीवर आपण तन्वीसमोर बसणार नाही, कारण तिला दिलेला शब्द आपला आहे, कार्यालयाचा नाही. त्यानंतर त्यांना तात्पुरत्या कामासाठी खारेपाटणला पाठवले गेले आणि मागच्या खोलीला कुलूप लागले.

एकसमान! मी अल्पशिक्षित माणूस, तरी या शब्दाशी भांडण मांडतो. चार वर्षांच्या मुलाचा सदरा पंधरा वर्षांच्या मुलीला चढवून समता होत नाही, शिवण उसवते. तीन वयांना एकच वागणूक देणे, हा मला अन्याय वाटतो. तीन वयांपुढे तीन उंचींवर बसणे, हाच मला न्याय दिसला, आणि तो मी महिनोन्‌महिने कानांनी ऐकलेला आहे. त्या बाईने कुणालाही कमी दिले नाही. चिनूला तिने बाप दिला, सोहमला पायरी दिली, तन्वीला दार दिले.

तन्वी पुन्हा शाळेत जाईनाशी झाली आहे. नववीचे वर्ष सरत आले आहे. नववीत थांबलेल्या माणसाच्या हयातीचे पुढे काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही; चार शहाणी माणसे जमली की मी माझी इयत्ता खालच्या आवाजात सांगतो. दुसऱ्या समुपदेशकाकडे नेऊ का, असे मी तिला विचारले. ती सुपारी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काकानू, मी परत पयल्यापासून कोणाक सांगूचंय नाय." तिने दुसरी सुपारी उचलली. "आणि बाबांका वाटता मी तेंच्यावर बोलतंय. माका बोलूक माझा स्वतःचा कमी आसा?"

हे निवेदन पूर्ण झाल्यावर मी ते प्रथम प्रकाशसमोर ठेवले. पाठीमागून वार करणे आमच्या घराण्यात नाही. तो माजघराच्या उंबऱ्यावर बसून ओठ हलवत वाचत राहिला. स्वतःचे नाव आले तिथे थांबला, मग पुढे गेला. शेवटी त्याने मला जे विचारले, ते एखाद्या लहान मुलाने विचारावे तसे विचारले.

"दादा, ती माझ्यावर बोलता काय रे?"

"माका ठावक नाय. आणि तुकाव कळूचा नाय."

त्याने सही केली नाही. कागद फाडलाही नाही. घडी घालून माझ्या हातात दिला आणि फाटकाकडे निघून गेला.

त्या दाराआड काय बोलले गेले, हे मला ठाऊक नाही. आणि ते कुणालाच ठाऊक नसावे, या हक्कासाठी हा अर्ज आहे. तरी मागणी अशी की, एकसमान कार्यपद्धतीचा आदेश रद्द व्हावा. श्रीमती मृणाल नेवगी यांना त्यांच्या खोलीत परत आणावे. कुमारी तन्वीच्या बैठका पालकाच्या उपस्थितीच्या अटीविना पुन्हा सुरू व्हाव्यात. इथे मी 'विनंती' हा शब्द जाणूनबुजून वापरलेला नाही.

वरिष्ठांनी उत्तर लेखी द्यावे आणि लवकर द्यावे. कार्यालयाला प्रतीक्षा परवडते, कारण कार्यालयाला वय नसते. पण पंधरावे वर्ष पेटीत बंद करून ठेवता येत नाही. ते रोज थोडे सरते, आणि ज्या वयात माणसाला ऐकणारे कुणी नव्हते, ते वय पुढे जन्मभर त्याच्या आठवणीत रिकामेच राहते. मला उत्तर आले नाही, तर मी पुन्हा लिहीन. तिचे वय मात्र पुन्हा येणार नाही.

कळावे,
मनोहर धोंडू परुळेकर